पाडण्याआधीचा हिशेब

तळमजल्यावरच्या एका खांबातून काढलेला, मनगटाएवढ्या जाडीचा काँक्रीटचा तुकडा सोसायटीच्या कार्यालयातल्या टेबलावर ठेवला होता. तपासणीला आलेल्या तरुण अभियंत्यानं तो उभा फोडला आणि ताज्या तुटलेल्या बाजूवर बाटलीतलं बिनरंगाचं द्रावण फवारलं. कडेची बोटभर पट्टी होती तशी करडी राहिली. आतला भाग मात्र बघता बघता गुलाबी झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सभा नसतानाही कार्यालयात येऊन बसतात, त्या होत्याच. "म्हणजे वाईट का हो?" त्यांनी विचारलं. "नाही काकू," तो म्हणाला, "गुलाबी म्हणजे अजून जिवंत."

ते द्रावण फिनॉल्फ्थॅलीनचं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनीच ते कधीतरी आम्लारीच्या परीक्षेत वापरलेलं असतं. काँक्रीट मुळात चांगलंच अल्कधर्मी असतं आणि त्या अल्कधर्मी वेष्टनात लोखंडी सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, काँक्रीटचा तो गुण बाहेरून आत कमी करत नेतो, आणि ही सीमारेषा सळईपर्यंत पोहोचली की पाणी आणि प्राणवायू आपलं काम सुरू करतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. ती जागा करून घेण्यासाठी तो बाहेरचं काँक्रीट फोडतो, आणि आपण म्हणतो, "स्लॅबचे पोपडे पडले." आमच्या तळमजल्याच्या खांबांत सीमारेषा सळईच्या अलीकडे थांबलेली होती. संडास-बाथरूमच्या बाजूच्या तुळया, बाल्कन्या आणि छज्जे यांची गोष्ट वेगळी होती. तिथल्या तुकड्यांवर गुलाबी रंग शोधावा लागत होता.

ही २०२३ सालच्या जानेवारीतली गोष्ट. इमारत १९७८ची, मुंबईच्या उपनगरातली, तळमजला अधिक चार, ३२ बिऱ्हाडं. मी सबंध नोकरी स्थापत्य अभियंता म्हणून केली, ती बहुतेक नवं उभारण्यात. निवृत्तीनंतर कमिटीवर आलो तेव्हा टेबलावर दोन लिफाफे होते. एकात एका विकासकाचा प्रस्ताव: पाडून बावीस मजले, प्रत्येकाला ३० टक्के जास्त कार्पेट, बांधकाम होईपर्यंत भाडं आणि वर कॉर्पस. दुसऱ्यात दुरुस्तीचा अंदाज: प्रत्येक घरानं सव्वातीन लाख भरायचे आणि मिळणार काय, तर आहे तेच घर. कुठला लिफाफा जड, हे सांगायला अभियंता लागत नाही. खरं सांगायचं तर माझंही मत पहिल्याच लिफाफ्याकडे होतं. ते बदललं ते एका आकडेमोडीमुळे, आणि ती आकडेमोड मी सभेत कुणीतरी विचारील म्हणून केली होती. कुणीच विचारली नाही, हा भाग वेगळा.

बांधकामाच्या धंद्यात काही ठोकताळे असतात. अशा इमारतीला दर चौरस फुटाला साधारण ०.४ पोतं सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो सळई लागते. आमचं एकूण बांधकाम २० हजार चौरस फूट धरलं, तर ८ हजार पोती, म्हणजे ४०० टन सिमेंट आणि ७५ टनांच्या आसपास पोलाद. सिमेंट करताना चुनखडीचा दगड भट्टीत भाजतात; त्या दगडातच कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, इंधनाचा आणखी वेगळा. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी दगडातला वायू सुटणारच. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे तो यामुळे. नुसतं सिमेंट आणि पोलाद धरलं तरी आमची इमारत उभी राहताना सुमारे ५०० टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला होता. तो १९७८मध्येच खर्च झाला. परत येणार नाही. त्या खर्चाच्या बदल्यात हातात आहे तो हा सांगाडा. तो पाडला तर साधारण दोन हजार टन राडारोडा निघणार, म्हणजे शंभरावर डंपर. आणि त्याच जागी बावीस मजल्यांसाठी तोच खर्च कितीतरी पटींनी पुन्हा करायचा.

'चक्रीय अर्थव्यवस्था' हा शब्द हल्ली सरकारी अहवालांपासून साबणाच्या वेष्टनापर्यंत सगळीकडे भेटतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ 'कचऱ्याचा पुनर्वापर' एवढाच घेतला जातो. मुळातली कल्पना अशी नाही. वॉल्टर स्टाहेल हा स्विस वास्तुरचनाकार या विचाराच्या जनकांपैकी एक. त्यानं १९७६मध्ये जेनेव्हिएव्ह रेडे हिच्यासोबत ब्रुसेल्सच्या युरोपीय आयोगासाठी एक अहवाल लिहिला. त्यातलं निरीक्षण मला आजही विलक्षण वाटतं. उद्योगांत लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा पोलाद, सिमेंट यांसारखा मूळ माल तयार करण्यात जाते. त्या मालाची वस्तू किंवा इमारत बनवण्यात उरलेली एक चतुर्थांश. माणसांच्या श्रमांचं प्रमाण नेमकं उलटं. याचा अर्थ असा, की आहे ती वस्तू दुरुस्त करत राहिलं तर ऊर्जा वाचते आणि माणसांना काम मिळतं. म्हणून या विचारात एक उतरंड आहे. सगळ्यांत वर, आहे ते टिकवणं. मग दुरुस्ती. मग सुटा भाग काढून दुसरीकडे जसाच्या तसा वापरणं. आणि अगदी तळाशी, दुसरा इलाजच उरला नाही तर, चुरा करून किंवा वितळवून नवा माल करणं. आपण तळाच्या पायरीलाच शिखर समजून बसलो आहोत.

यात आपल्याला नवीन काय आहे, असं वाचकाला वाटेल, आणि ते बरोबरच आहे. कोकणात जुनं घर मोडलं तर कौलं उतरवायची, वासे आणि चिरे वेगळे रचायचे आणि त्यातलं निम्म्याहून अधिक नव्या घरात बसवायचं, ही रीतच होती. पुण्यातले वाडे पडले तेव्हा त्यांचे सागवानी खांब आणि दारं लाकूडबाजारात गेली आणि तिथून कुठल्या कुठल्या हॉटेलांत. मुंबईत तर इमारत पाडणारा ठेकेदार पाडायचे पैसे घेण्याऐवजी अनेकदा उलट पैसे देतो. कारण दारं, खिडक्या, लोखंड, तांब्याची वायर, बिडाचे नळ या सगळ्याला गिऱ्हाईक ठरलेलं असतं. दारूखान्यातली भंगाराची दुकानं आणि ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार यावरच जगतात. गच्चीवरचा आपला कोबा विटांच्या तुकड्यांचाच असतो, आणि त्यावरचं चायना मोझॅक म्हणजे फुटक्या चिनीमातीच्या लाद्यांची गोधडी. पांढऱ्या तुकड्यांमुळे ऊन परावर्तित होऊन वरच्या मजल्याचा उकाडाही कमी होतो.

मग गाडी अडते कुठे? मला वाटतं, चिकटवण्यात. जुनी वीट चुन्यात बसवलेली असे. चुना विटेपेक्षा मऊ. हातोडीनं टिचक्या मारल्या की वीट सुटी आणि अख्खी निघते. सिमेंटचा मसाला विटेपेक्षा कडक. भिंत पाडली की वीट फुटते, जोड फुटत नाही. शहाबादी फरशी पहारीनं उचलून, घासून पुन्हा बसवता येते. रसायनानं चिकटवलेली आजची चकचकीत लादी निघते ती तुकड्यांतच. नळ भिंतीत गाडल्यामुळे एका गळक्या सांध्यासाठी बाथरूमभर लाद्या फोडाव्या लागतात. आपली काटकसर सुट्या वस्तूंपुरती उत्तम चालते. जे सुटं होत नाही त्याच्यापुढे ती हतबल होते. आणि इमारतीचा सगळ्यांत जड, सगळ्यांत महागडा भाग, म्हणजे काँक्रीटचा सांगाडा, तो तर कधीच सुटा होत नाही.

काँक्रीटचा चुरा करता येतो, हे खरं आहे. दिल्लीत बुराडीला २००९पासून अशा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा कारखाना चालू आहे. त्यातून खडी निघते, वाळू निघते, पदपथाचे ब्लॉक होतात. भारतीय मानक ३८३च्या २०१६च्या आवृत्तीनं अशा खडीला काँक्रीटमध्ये प्रवेश दिला. पण सळई असलेल्या साध्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये मोठ्या खडीच्या २० टक्क्यांपर्यंतच, सळई नसलेल्यात २५ टक्क्यांपर्यंत. कारण चुऱ्यातल्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो आणि तो पाणी शोषतो. महत्त्वाचं असं, की त्या चुऱ्यातून खडी परत मिळते, सिमेंट मिळत नाही. भट्टीतला सगळा खर्च सिमेंटवर झालेला, आणि नेमकं तेच वाया जातं. म्हणजे खांबाचा पदपथ होतो, पदपथाचा खांब होत नाही. २०१६च्या नियमांनी मोठ्या प्रमाणावर राडारोडा करणाऱ्यांना काँक्रीट, माती, विटा-मसाला आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगवेगळं ठेवायला सांगितलं; १ एप्रिल २०२६पासूनचे नवे नियम मोठ्या प्रकल्पांवर आणखी जबाबदारी टाकतात. चांगलंच आहे. पण हे सगळे नियम इमारत पडल्यानंतर जागे होतात. पाडायची की नाही, हा प्रश्न ते विचारत नाहीत.

हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर बांधून दाखवणारी एक जोडी फ्रान्समध्ये आहे. अ‍ॅन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल. बोर्दो शहरातल्या ग्राँ पार्क वसाहतीत १९६०च्या दशकातल्या तीन लांबलचक सरकारी इमारती होत्या. एकूण ५३० घरं, छोट्या खिडक्या, कोंदट खोल्या. पाडण्याची चर्चा झालेली होती. या दोघांनी फ्रेडेरिक ड्रुओ आणि क्रिस्तोफ युताँ यांच्यासह सांगाडा तसाच ठेवला आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला स्वतःच्या पायावर उभी असलेली नवी पडवी जोडली. ३.८ मीटर खोल, काचेची सरकती दारं असलेली. जुन्या खिडक्या काढून त्या जागी जमिनीपर्यंतची दारं बसवली. प्रत्येक घराला एक अख्खी जास्तीची जागा मिळाली आणि ती पडवीच थंडीत उबेचं काम करू लागली. काम चालू असताना भाडेकरू आपापल्या घरातच राहिले. या कामाला २०१९मध्ये युरोपीय संघाचा वास्तुकलेचा मीस व्हान डेर रोहे पुरस्कार मिळाला, आणि २०२१चं प्रित्झकर पारितोषिक लाकातों-व्हासाल यांना.

मी याची छायाचित्रं सभेत दाखवली. लोकांनी कौतुक केलं आणि एका तरुण सभासदानं उठून विचारलं, "काका, तिथे जमिनीचा भाव काय आहे?"

त्याचा नेम अचूक होता. बोर्दोची ती घरं सार्वजनिक संस्थेच्या मालकीची. तिथे पाडण्यातून कुणाला फ्लॅट विकून नफा मिळणार नव्हता. मुंबईत जुनी इमारत म्हणजे न वापरलेल्या एफएसआयवर बसलेला दगड. तो उचलला की खालून पैसा निघतो. दुरुस्तीला मात्र एक फूटही जास्तीचा मिळत नाही. ज्या शहरात पाडणाऱ्याला बक्षीस आणि टिकवणाऱ्याला वर्गणी, तिथे कार्बनचा हिशेब कोण करील? त्या तरुणाच्या घरी एका खोली-स्वयंपाकघरात पाच माणसं राहतात. त्याला ३० टक्के कार्पेट म्हणजे आईवडिलांसाठी वेगळी खोली होती. त्याच्याकडे बोट दाखवून पर्यावरणाच्या गोष्टी सांगणं मला तेव्हाही जमलं नाही.

दुसरी अडचण आमची आम्हीच करून ठेवलेली. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड म्हणून बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी जमा करायचा. आम्ही इमानेइतबारे केला. १९७८च्या बांधकाम खर्चावर! त्यातून परांचीचं भाडंही निघालं नसतं. आणि १९७८चं बांधकाम कसलं होतं, तेही सांगायला हवं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे. अंशतः नियंत्रणमुक्ती १९८२ची, पूर्ण १९८९ची. टंचाईच्या काळातल्या इमारतींत सिमेंट हात आखडून आणि पाणी सढळ हातानं पडलं. खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल तर तिच्यातलं मीठ आत राहिलं, आणि मीठ सळईला हवेपेक्षा लवकर खातं. त्यामुळे 'जुनं ते मजबूत' असं सरसकट म्हणायची सोय नाही. महापालिका धोकादायक इमारतींची जी वर्गवारी करते, त्यात सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. आमचा अहवाल सी-१ आला असता तर हा लेख मी लिहिलाच नसता; तिथे माणसांच्या जिवापुढे कार्बन मोजू नये. आमचा आला सी-२बी: रिकामी न करता सांगाड्याची दुरुस्ती.

दुरुस्तीच्या बाजूनं १९ मतं पडली, विरोधात १२, एक गैरहजर. जिंकवलं ते माझ्या आकडेमोडीनं नव्हे. चार वर्षं भाड्याच्या घरात काढायला ज्यांचं वय परवानगी देत नव्हतं, त्यांची ती मतं होती. काकू सभेनंतर म्हणाल्या, "मी परत यायची कुठली!" सव्वातीन लाख एकरकमी भरणं पेन्शनीवरच्यांना अवघड होतं, म्हणून हप्ते बांधले. तो तरुण हप्ते वेळेवर भरतो. माझ्याशी मात्र अजून बेतानंच बोलतो.

२०२३च्या नोव्हेंबरात परांची चढली. बांबूची, सुंभानं बांधलेली. आमच्या अख्ख्या कामात पूर्णपणे चक्रीय अशी ती एकच गोष्ट होती. तोच बांबू, तेच गाठी मारणारे हात, एका इमारतीवरून दुसरीवर. हातोडीनं ठोकून पोकळ आवाज येईल तेवढंच काँक्रीट काढलं, सळईच्या मागेपर्यंत. सळई घासून पांढरी केली, फार खंगली असेल तिथे शेजारी नवी जोडली, वर गंजरोधक लेप आणि मग पॉलिमरयुक्त मसाला. सहा खांबांना भोवतीनं नवं काँक्रीटचं जाकीट घातलं. गच्चीवर पन्नास वर्षांत गळती थांबवण्यासाठी कोब्यावर कोबा चढला होता. तीन थर निघाले. गळती थांबवण्याच्या नावाखाली आपण छतावर किती ओझं साठवत होतो, ते तेव्हा दिसलं.

अमेरिकी लेखक स्ट्युअर्ट ब्रँडनं १९९४च्या आपल्या पुस्तकात इमारतीकडे थरांचा समूह म्हणून पाहिलं आहे. मूळ कल्पना फ्रँक डफी या ब्रिटिश वास्तुरचनाकाराची. सांगाडा शंभर वर्षंही टिकेल, बाहेरची कातडी वीस वर्षं, नळ-वायरी त्याहून कमी. जलद झिजणारा थर सावकाश झिजणाऱ्यात गाडला की एक बदलताना दुसरा फुटतो. हे मी तरुणपणी वाचलं असतं तर पुष्कळ नळ भिंतीबाहेर ठेवले असते. आमच्या इमारतीत आता सगळे नळ उघडे आहेत, डक्टमध्ये आणि बाथरूमच्या कडेनं, पट्ट्यांवर स्क्रूनं बसवलेले. दिसायला बरे नाहीत. यावर बायकांनी आणि पुरुषांनी सारखीच नाकं मुरडली. पण गळलेला सांधा पान्यानं सुटतो. खिडक्यांच्या सागवानी चौकटींपैकी बहुतेक रंध्यानं तासून परत बसल्या. काम करणारा सुतार म्हणाला, असं लाकूड आता आणायचं म्हटलं तर कुठून आणाल? गंजलेल्या लोखंडी खिडक्या गेल्या, त्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या आल्या. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. पण खनिजापासून नवं करताना लागणारी ऊर्जा प्रचंड, तेव्हा या निवडीबद्दल मी फार टेंभा मिरवणार नाही.

काम मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर संपलं. साडेसहाशे पोती सिमेंट आणि तीन टन सळई लागली. राडारोड्याचे १४ डंपर गेले. ते कुठे गेले, याची पावती मागितली तेव्हा ठेकेदाराला आधी गंमत वाटली. शेवटचे नऊ डंपर पावतीसह गेले, पहिले पाच कुठल्या खाडीकाठी रिकामे झाले असतील, याचा विचार करणं मी टाळतो.

कार्यालयातल्या कपाटात आता एक जाड वही आहे. कुठल्या खांबाला जाकीट आहे, आत किती सळई घातली, कुठला मसाला वापरला, कुठल्या नळाची तोटी कुठे, गच्चीच्या कोब्याखाली काय आहे, हे सगळं त्यात रेखाटनांसह लिहून ठेवलं आहे. १९७८च्या ठेकेदारानं अशी एक वही ठेवली असती तर आम्हाला निम्म्या ठिकाणी भिंती फोडून पाहावं लागलं नसतं. तीस वर्षांपुढच्या इमारतीची तपासणी दर तीन वर्षांनी करायची असते. आमची पुढची जानेवारीत आहे. शेजारच्या सोसायटीची इमारत गेल्या महिन्यात पाडायला घेतली. तिथल्या ठेकेदाराकडून मी दोन सागवानी दारं घासाघीस करून घेतली आहेत. एक जिन्याखालच्या मीटरच्या खोलीला लागेल. दुसरं त्या तरुणानं मागितलं आहे. बाल्कनीला आडोसा करून आईवडिलांची खोली काढायची म्हणतो. बाल्कनीच्या तुळईवर किती भार चालेल ते आधी वहीत बघू, असं मी त्याला सांगितलंय.